रांगेचं गणित मांडणारे शिक्षक : आग्नेर क्रारुप एर्लांग



दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस आठवा. दुपारी एक वाजता निकाल लागणार असतो. एक वाजतो आणि संकेतस्थळ उघडतच नाही. घरातले चार जण चार मोबाइल घेऊन बसतात आणि पुन्हा पुन्हा रिफ्रेश दाबतात. संध्याकाळी मात्र तेच संकेतस्थळ झटक्यात उघडतं. एवढी मोठी यंत्रणा अशी अडते कशी, हे मुलं हमखास विचारतात. सर्व्हर डाउन आहे, एवढं सांगून आपण मोकळे होतो.

पण हा प्रश्न गणिताचा आहे. त्याच्या उत्तराचा पाया शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी घातला ते आपल्याच जमातीतले, म्हणजे शिक्षक होते. वडीलही शिक्षक. आज त्यांची ओळख करून घेऊ. लेखाच्या शेवटी वर्गात घेता येईल असा एक खेळही दिला आहे.

बालपण : शाळेच्या अंगणात

आग्नेर क्रारुप एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या जटलंड भागात, ल्योनबोर्ग या खेड्यात झाला. वडील हान्स गावच्या शाळेत शिक्षक होते आणि चर्चचंही काम बघायचे. आई माग्दालेन यांचं माहेरचं आडनाव क्रारुप. सोळाव्या-सतराव्या शतकातले गणिती थॉमस फिंके हे आईच्या पूर्वजांपैकी. घरात एक मोठा भाऊ आणि दोन धाकट्या बहिणी.

आग्नेर शांत स्वभावाचा मुलगा होता. खेळापेक्षा पुस्तकात जास्त रमायचा. संध्याकाळी मोठा भाऊ पुस्तक वाचायला बसला की हा त्याच्या समोर बसायचा आणि तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचा. पुस्तक एक आणि वाचणारे दोघे, तेव्हा ही युक्ती! सर्वात आवडता विषय खगोलशास्त्र. ग्रहताऱ्यांवर तो कविताही करायचा.

चौदाव्या वर्षी त्याने विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा दिली. वय कमी असल्यामुळे त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती. परीक्षेत तो विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण झाला. मग घरी परतून दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून शिकवलं. मिसरूड फुटायच्या वयात हातात खडू आला, असं म्हणायला हरकत नाही.

विद्यापीठ आणि सात वर्षांची शिक्षकी

१८९६ मध्ये एर्लांग कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. घरची परिस्थिती बेताची होती, पण शिष्यवृत्ती मिळाली आणि राहण्याची सोयही झाली. १९०१ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. मुख्य विषय गणित, जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र.

पुढची सात वर्षं त्यांनी वेगवेगळ्या शाळांमध्ये शिकवलं. ते फारसे बोलके नव्हते, चारचौघांत मिसळणं त्यांना जड जायचं, पण शिकवण्याची हातोटी चांगली होती. नोकरी सांभाळून अभ्यासही चालू होता. विद्यापीठाच्या एका बक्षीस-स्पर्धेसाठी त्यांनी ख्रिस्तियान हायगेन्स यांच्या गणितावर निबंध लिहिला आणि १९०४ मध्ये त्याची दखल घेतली गेली. डॅनिश गणित मंडळाच्या बैठकांनाही ते नियमित जायचे.

या मंडळातच त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं. तिथे योहान येन्सन यायचे. उच्च गणितात येन्सनची असमानता शिकवतात, तेच हे येन्सन. ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते आणि गणित हा त्यांचा फावल्या वेळचा छंद होता. त्यांनी एर्लांग यांची गाठ कंपनीचे संचालक फ्रिट्झ योहानसेन यांच्याशी घालून दिली. योहानसेन यांना टेलिफोनच्या कामात संभाव्यतेचं गणित वापरायचं होतं आणि ते जाणणारा माणूस हवा होता. १९०८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, एर्लांग शाळा सोडून टेलिफोन कंपनीत दाखल झाले.

प्रश्न काय होता?

त्या काळी टेलिफोन जोडायला एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसायच्या. दोन भागांना जोडणाऱ्या लाइनी मोजक्याच असायच्या. सगळ्या लाइनी भरल्या असतील तर नवा कॉल लागायचा नाही. आपल्यापैकी काहींनी ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहिली असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

लाइनी वाढवल्या तर खर्च वाढतो, कमी ठेवल्या तर लोक ओरडतात. मग नेमक्या किती टाकायच्या? सरासरी काढली की झालं, असं आपल्याला वाटतं. म्हणून एक साधं उदाहरण घेऊ.

समजा, एका तासात ६० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटं चालतो. म्हणजे एकूण १८० मिनिटांचं बोलणं. एक लाइन तासाला ६० मिनिटं बोलणं वाहून नेते. १८० भागिले ६०, उत्तर ३. तीन लाइनी पुरे.

कागदावर हे उत्तर बरोबर दिसतं, पण प्रत्यक्षात पुरत नाही. कारण लोक एकमेकांना विचारून, पाळीपाळीने फोन करत नाहीत. कधी पाच मिनिटं कुणीच फोन करत नाही आणि कधी एकाच मिनिटात सहा जण करतात. शांत मिनिटांत वाया गेलेली जागा साठवून ठेवता येत नाही, आणि गर्दीच्या मिनिटात ती उधार मिळत नाही.

१९०९ आणि १९१७ चे लेख

१९०९ मध्ये एर्लांग यांनी पहिला महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. ग्राहक एकमेकांशी संबंध नसताना, केव्हाही फोन करत असतील, तर ठरावीक वेळात किती कॉल येतील याची शक्यता प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या वितरणाने सांगता येते, हे त्यांनी दाखवलं. एक ग्राहक केव्हा फोन करेल हे कुणी सांगू शकत नाही, पण हजार ग्राहकांची गर्दी मात्र नियमाने वागते.

१९१७ मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजविषयीचा त्यांचा सर्वात गाजलेला लेख आला. त्यात दोन प्रकारच्या परिस्थितींसाठी सूत्रं होती. पहिलीत लाइन मोकळी नसेल तर कॉल परत जातो. दुसरीत तो रांगेत थांबतो. पुढच्याच वर्षी हा लेख इंग्रजीत आला आणि ब्रिटनच्या टपाल खात्याने सूत्र वापरायला घेतलं.

आपल्या उदाहरणाला पहिलं सूत्र लावून बघू. ३ लाइनी ठेवल्या तर १०० पैकी सुमारे ३५ कॉल परत जातात. ४ लाइनींना २१, ५ लाइनींना ११, ६ ला ५ आणि ७ ला २. शंभरात एकापेक्षा कमी कॉल परत जावा असं वाटत असेल तर ८ लाइनी हव्यात. सरासरीने सांगितलेल्या ३ लाइनींच्या जवळजवळ तिप्पट!

आणखी एक गंमत बघा. ३ लाइनी असताना ३५ टक्के लोक परत गेले, म्हणजे लाइनी सतत भरलेल्या असतील असं वाटेल. प्रत्यक्षात त्या सरासरीने फक्त ६५ टक्के वेळ वापरात असतात. एकीकडे लोक परत जातात आणि त्याच तासात लाइनी रिकाम्याही पडून राहतात. गर्दीचं खरं स्वरूप हे आहे. मुलांना एवढं उमगलं तरी धड्याचं सार्थक झालं.

गणिताच्या शिक्षकांसाठी ही आकडेमोड करण्याची सोपी रीत देतो. शून्य लाइनी असतील तर सगळेच कॉल परत जातात, म्हणून सुरुवात १ पासून. मग दर वेळी एक लाइन वाढवायची आणि असं करायचं : कामाचा भार (इथे ३) गुणिले आधीचं उत्तर, हा गुणाकार वर ठेवायचा. खाली लाइनींची संख्या अधिक तोच गुणाकार. एका लाइनीला ३ भागिले ४, म्हणजे ०.७५. दोन लाइनींना २.२५ भागिले ४.२५, म्हणजे ०.५३. असंच पुढे जायचं. नववी-दहावीच्या मुलांना कॅल्क्युलेटरवर हे सहज जमतं.

आता दुसरी परिस्थिती, रांगेची. खिडकी एकच आहे, लोक केव्हाही येतात आणि कुणाच्या कामाला कमी, कुणाच्या जास्त वेळ लागतो असं धरू. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर माणसाला सरासरी एका कामाइतकं थांबावं लागतं. ८० टक्के वेळ कामात असेल तर चार कामांइतकं, ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना तब्बल एकोणीस. शेवटचे पाच टक्के गर्दी वाढली आणि थांबण्याचा वेळ दुप्पट झाला. एक वाजता अडणारं आणि संध्याकाळी धावणारं संकेतस्थळ इथे ओळखीचं वाटेल.

माणूस म्हणून एर्लांग

इतकं सगळं वाचून ते नुसते कागदावर काम करणारे असतील असा समज होईल. तसं नव्हतं. टेलिफोनच्या तारांमधले मोजमापाचे प्रश्नही ते सोडवायचे. प्रयोगशाळेत सुरुवातीला मदतीला माणसं नव्हती, तेव्हा मोजमापं स्वतःच घ्यायचे. शिडी घेतलेला एक कामगार सोबत घेऊन ते कोपनहेगनच्या रस्त्यांवर दिसायचे. शिडी कशाला? रस्त्याखालच्या केबलच्या भुयारात उतरायला!

त्यांनी लग्न केलं नाही. पुस्तकं हाच त्यांचा संसार. गणित, खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्राचा मोठा संग्रह त्यांनी जमवला होता. गणिताची कोष्टकं तयार करण्यातही त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गरजू माणसं मदत मागायला थेट प्रयोगशाळेत यायची, आणि एर्लांग गाजावाजा न करता त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचे.

जवळजवळ वीस वर्षं त्यांनी कंपनीत काम केलं आणि आजारपणासाठी क्वचितच रजा घेतली असेल. जानेवारी १९२९ मध्ये मात्र पोटाच्या दुखण्यामुळे शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

१९४६ मध्ये टेलिफोन क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय समितीने टेलिफोनच्या भाराच्या एककाला एर्लांग हे नाव दिलं. एक लाइन पूर्ण वेळ भरलेली असेल तर तो भार १ एर्लांग. आपल्या उदाहरणातला भार ३ एर्लांग होता. न्यूटन, वॅट, अँपिअर यांच्या पंगतीत एक शाळामास्तर जाऊन बसला. पुढे एरिक्सन कंपनीत टेलिफोन यंत्रणांसाठी तयार झालेल्या एका प्रोग्रॅमिंग भाषेलाही त्यांचंच नाव मिळालं.

इंटरनेटवर गणित कुठे बदललं?

एर्लांग यांच्या पहिल्या सूत्रामागे एक गृहीतक आहे. ज्याचा कॉल लागला नाही तो निमूटपणे निघून जातो, लगेच पुन्हा डायल करत नाही. टेलिफोनच्या काळात हे बऱ्यापैकी खरं होतं. संगणक मात्र असा गप्प बसत नाही.

इंटरनेटवर माहिती छोट्या पॅकेटांमध्ये तुकडे करून जाते. वाटेतले राउटर ही पॅकेटं रांगेत उभी करतात आणि एकेक पुढे पाठवतात. १९६० च्या दशकात लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी संदेशांच्या जाळ्यांना हेच रांगेचं गणित लावलं. रांगेची जागा भरली की पुढचं पॅकेट टाकून दिलं जातं. पॅकेट पोहोचलं की समोरून पोच येते. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर ते हरवलं असं समजून पाठवणारा संगणक पुन्हा पाठवतो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत काय झालं ते बघा. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली आवार यांच्यात साधारण ४०० यार्डांचं अंतर. त्यांच्यामधला माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. म्हणजे ८०० पटींनी कमी! काही बिघडलं नव्हतं, तारा शाबूत होत्या.

झालं होतं असं : गर्दी वाढली, म्हणून रांगा लांबल्या. रांगा लांबल्या, म्हणून पोच उशिरा यायला लागली. उशीर म्हणजे पॅकेट हरवलं, असा संगणकांनी अर्थ लावला आणि रांगेत सुखरूप उभ्या असलेल्या पॅकेटांच्याही नकला पाठवायला सुरुवात केली. तार भरून वाहत होती, पण त्यात बरीचशी पुन्हा पुन्हा पाठवलेली तीच पॅकेटं होती. तारेतून जे वाहतं आणि त्यातलं जे उपयोगी पडतं, त्यांत असा फरक पडतो. सेकंदाला प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या कामाच्या माहितीला आपण साध्या भाषेत पदरात पडलेला वेग म्हणू. गर्दीत सगळ्यांनी जोर लावला तर हाच वेग कोसळतो. जॉन नेगल यांनी १९८४ मध्येच या धोक्याबद्दल लिहून ठेवलं होतं.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी १९८८ मध्ये यावरचे उपाय मांडले. सुरुवात हळू करायची. पोच नीट येत असेल तर वेग थोडाथोडा वाढवायचा. पॅकेट हरवलं की रस्त्यात कोंडी आहे असं समजून वेग एकदम निम्म्यावर आणायचा. आणि पोच किती वेळात यायला हवी याचा अंदाज जास्त शहाणपणाने बांधायचा. हा शेवटचा उपाय थेट रांगेच्या गणितातून आला. जाळं ७५ टक्के भरलेलं असेल, तर पॅकेट जाऊन पोच परत यायला लागणारा वेळ सोळा पटींपर्यंत कमी-जास्त होऊ शकतो, हे त्या गणितावरून त्यांनी दाखवलं. मग एकच ठरावीक मुदत धरून कसं चालेल?

इंटरनेटच्या रहदारीला एर्लांग यांची सूत्रं जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हेही सांगायला हवं. १९९० च्या दशकातल्या मोजमापांत आढळलं की माहितीची रहदारी टेलिफोन कॉलपेक्षा जास्त झुंडीने येते. तरी गर्दी मोजता येते आणि सरासरीवर विसंबून चालत नाही, हा मूळ धडा एर्लांग यांचाच.

वर्गात करून पाहा

साहित्य : फासे, चिठ्ठ्या, एक डबा आणि तीन खुर्च्या. मुलं अठरा.

पहिला खेळ : प्रत्येकाने फासा टाकायचा. सहा पडले त्याने खुर्चीवर बसायचं. अठरा मुलांत सरासरी तिघांना सहा पडतात आणि खुर्च्याही तीनच. तरीही साधारण तीन फेऱ्यांतून एका फेरीत कुणीतरी उभं राहतं, आणि पाचांपैकी दोन फेऱ्यांत एखादी तरी खुर्ची रिकामी राहते. वीस-तीस फेऱ्या घ्या, फळ्यावर नोंद करा. उभं राहिलेल्याने पुढच्या फेरीत नव्याने फासा टाकायचा.

दुसरा खेळ : सहा पडले की नाव आणि फेरीचा क्रमांक लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची. दर फेरीत तीन चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचा नंबर लागला नाही त्याने फासा टाकायचा नाही, पण दर फेरीला त्याच मजकुराची आणखी एक चिठ्ठी डब्यात टाकायची. एकदा काम झालेल्याची जुनी चिठ्ठी पुन्हा निघाली तर ती खुर्ची फुकट गेली. पहिल्या दहा फेऱ्यांत किती खुर्च्या कामी आल्या आणि शेवटच्या दहांत किती, ते मोजा. डबा भरत जातो आणि काम कमी होत जातं. हेच १९८६.

तिसरा खेळ : नियम बदला. एका कामाला एकच चिठ्ठी, नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि काम झाल्यावर एक फेरी फासा टाकायचा नाही. आता आकडे पुन्हा मोजा. खुर्च्या तीनच आहेत, मुलंही तीच आहेत.

हा तक्ता फळ्यावर तसाच ठेवा आणि मुलांना विचारा, की निकालाच्या दिवशी घरातल्या चार मोबाइलपैकी किती चालू ठेवायचे आणि रिफ्रेश किती वेळाने दाबायचं. उत्तर त्यांचं त्यांनाच काढू द्या. पालकांनीही हा खेळ घरी चार फासे घेऊन जरूर खेळून बघावा, निकालाच्या आधी एक दिवस खेळलात तर उत्तमच.